जपानी भाषेतले ‘आइ’ : तृष्णा की प्रियवचन?

ॲनिमे पाहणाऱ्या आपल्यातल्या अनेक मुलामुलींना ‘आइशितेरु’ हा जपानी शब्द पाठ असतो. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हा त्याचा अर्थ. पण प्रत्यक्ष जपानमध्ये तो क्वचितच उच्चारला जातो. या शब्दाचे मूळ शोधत गेलो की आपण थेट प्रतीत्यसमुत्पादापाशी पोहोचतो.

तिथे रोजच्या वापरातला शब्द आहे ‘सुकी’. ‘सुकी देस’ म्हणजे ‘आवडतेस’ किंवा ‘आवडतोस’. या वाक्यात ‘मी’ नाही आणि ‘तू’ही नाही, ते समोरच्याने ओळखायचे. भावना गाढ असेल तर ‘दाइसुकी’ म्हणतात. मासे, मांजर, माणूस, सगळ्यांना हाच शब्द चालतो. आपणही ‘मला आंबा आवडतो’ आणि ‘मला तू आवडतोस’ असेच म्हणतो की!

‘आइशितेरु’मधला ‘आइ’ मात्र चिनी अक्षरासोबत जपानमध्ये आला. बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषांतर करताना ‘तृष्णा’ या शब्दासाठी हेच अक्षर वापरले गेले. बारा निदानांमध्ये वेदना आणि उपादान यांच्या मधली आठवी कडी, म्हणजे पालीतली ‘तण्हा’, जपानी बौद्ध आजही ‘आइ’ अशीच वाचतात. १८६८ नंतरच्या मेइजी काळात पाश्चात्त्य साहित्याचे अनुवाद होऊ लागले. तेव्हा स्त्री-पुरुषांमधील प्रेमासाठी ‘रेन्आइ’ हा शब्द रूढ झाला आणि ‘आइ’चा आजचा उदात्त अर्थ पक्का होत गेला.

मग बौद्धांच्या दृष्टीने प्रेम म्हणजे निव्वळ तृष्णाच का? तसे नाही. हेच अक्षर ‘आइगो’ या बौद्ध शब्दातही आहे. आइगो म्हणजे प्रियवचन. दान, प्रियवचन, अर्थचर्या आणि समानता या चार संग्रहवस्तूंपैकी ही दुसरी. सिगालोवाद सुत्तात आपण त्या वाचतो. जपानी झेन आचार्य दोगेन यांनी १२४३ साली या चारही संग्रहवस्तूंवर लिहिले. प्रियवचन प्रेमळ मनातून उगवते आणि त्या मनाचे बीज करुणा असते, असा त्यांचा आशय आहे.

तृष्णा आणि प्रियवचन यांतला फरक रोजच्या जगण्यात कुठे दिसतो? जपानी तरुणांमध्ये मनातले स्पष्ट सांगण्याची रीत आहे, तिला ‘कोकुहाकु’ म्हणतात. ‘सुकी देस, त्सुकिआत्ते कुदासाइ’, म्हणजे ‘तू मला आवडतेस, कृपया माझ्याशी नाते जोड’. वाक्याचा शेवट विनंतीने होतो. उत्तर होकारार्थी येईल किंवा ‘गोमेन नासाइ’, म्हणजे ‘माफ कर’, असे येईल. विनंती म्हटली की नकाराचा हक्क आलाच.

अर्थात जपानमध्येही सारे आलबेल नाही. नको असलेला पाठलाग रोखण्यासाठी तिथे २००० साली स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्याकडेही नकार मिळाला की पुन्हा पुन्हा फोन, मित्रांकरवी दबाव, बदनामी, धमकी हे प्रकार होतात. त्याला कोणी कितीही ‘खरे प्रेम’ म्हणो, आपल्या धम्मात त्याचे नाव तण्हाच आहे.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, मनातले जरूर सांगा. मराठीत सांगा, हवे तर जपानीत सांगा. ‘नाही’ हे उत्तर आले, तर ते ऐकून शांतपणे बाजूला व्हा. त्या क्षणी सिगालोवाद सुत्तातली दुसरी संग्रहवस्तू आठवा.

नमो बुद्धाय, जय भीम!