बीळ आयतं, घास नाही

आयत्या बिळावर नागोबा, असं आपण म्हणतो. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन खरोखरच उंदरांच्या बिळांत नि वाळवीच्या वारुळांत दिवस काढतो. घास मात्र त्याला आयता चालत नाही. पुढ्यात टाकलेल्या थंडगार मेलेल्या उंदराकडे तो बहुधा ढुंकूनही पाहत नाही.

बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्यात राहणाऱ्या माझ्या सोलापूरकर मित्राकडे असा एक साप आहे. आपले नाग-धामण घरी ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. या परदेशी पाहुण्याचीही २०२४च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. हा साप घरात जेवतो कसा, हे पाहण्यासारखं असतं.

काचेची पेटी आतल्या भिंतीलगत, रबरी चटईवर ठेवलेली. होसूर रोडवरच्या ट्रकांची धडधड सापाला जमिनीतून जाणवते. आत दोन अरुंद ढोल्या, एक उबदार, एक गार. डिसेंबरात बंगळूरची रात्र पंधरा-सोळा अंशांवर येते. तेवढ्या गारठ्यात साप खात नाही, खाल्लं तरी पचत नाही. म्हणून उबदार बाजू थर्मोस्टॅटने एकतीस-बत्तीस अंशांवर ठेवलेली.

गोठवलेला उंदीर फ्रिजमध्ये वितळवून, मग पिशवीसकट कोमट पाण्यात ठेवून ऊब आणलेला. जिवंत उंदीर मित्र पेटीत कधीच सोडत नाही. कोंडीत सापडलेला उंदीर सापालाच चावून जखमी करू शकतो.

दिवे मालवले. ढोलीच्या तोंडाशी नाकाडं आलं, जीभ भराभर लवलवू लागली. वरच्या ओठावरच्या खळग्यांना ऊब कळते. मित्राने लांब चिमट्यात उंदीर धरून भिंतीच्या कडेने सरपटत नेला. वरून कधीच नाही, वरून येतो तो शत्रू. मान वाकडी झाली, आणि झडप दिसायच्या आधीच विळखा पडला होता.

आता मित्र उंदराचं शेपूट हलकेच हिसकत राहिला. २०१२मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मेलेल्या उंदरांत कृत्रिम हृदय बसवून ते बोआ सापांना दिले होते. हृदय धडधडत असलं की सापांनी अधिक वेळ आणि अधिक जोराने आवळलं. इथेही हिसका बसला की विळखा आवळत होता. तो सुटल्यावर सापाने जिभेने चाचपत डोकं शोधलं. डोक्याकडून गिळलं की पाय अंगालगत मिटतात. जबड्याच्या दोन बाजू आळीपाळीने पुढे सरकत होत्या आणि खालून श्वासनलिकेचं तोंड बाहेर डोकावत होतं.

यानंतर दोन दिवस सापाला हात लावायचा नाही. बर्मी अजगराचं हृदय जेवणानंतर दोन दिवसांत चाळीस टक्के वाढल्याचं आढळलंय. आत एवढी उलथापालथ चालू असताना हाताळलं तर घास उलटून पडतो.

कात टाकण्याआधी हा साप काही दिवस, तर विणीच्या हंगामात आठवडेच्या आठवडे उपाशी राहतो. मित्र तेव्हा भरवत नाही, वजन करतो. वजन टिकलं तर थांबायचं, घसरलं तर डॉक्टर. त्याच्या वहीत ‘खाल्लं नाही’पुढे कारणाचा रकाना आहे: गारठा, कात, उजेड, पाहुणे. ‘हट्टी आहे’ असं त्यात एकदाही लिहिलेलं नाही.