बुडबुडे न येणारी बादली

अमेरिकेत घरच्या घरी बिअर करणाऱ्यांसाठी सामान विकणारी छोटी दुकानं असतात. मॉल्टच्या गोण्या, हॉप्सची पाकिटं, यीस्ट, नळ्या, बाटल्यांची बुचं. अशा दुकानातल्या माणसाला नवखं गिऱ्हाईक हटकून एक प्रश्न विचारतं. ‘परवा यीस्ट घातलं, अजून एअरलॉकमध्ये एक बुडबुडा नाही. बिअर वाया गेली का?’ दुकानदार मान वर न करताच विचारतो, ‘झाकण नीट बसलंय का?’

बहुतेक वेळा बसलेलं नसतं. आणि बहुतेक वेळा त्याने काही बिघडतही नाही. पण ‘बहुतेक’मध्ये न बसणारे जे थोडे दिवस असतात, ते माहीत असायला हवेत.

हा छंद तिकडे कायदेशीर झाला तो तसा अलीकडेच. १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला मोकळीक मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती दुरुस्ती व्हायला १९७८चा ऑक्टोबर उजाडला. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करायची केंद्राची परवानगी मिळाली. विकायची मात्र नाही. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर २०१३पर्यंत वाट पाहायला लावली. ब्रिटनने घरगुती बिअरचा परवाना १९६३मध्येच रद्द केला होता.

नवखा माणूस सुरुवात करतो ती प्लॅस्टिकच्या बादलीने. खाद्यपदार्थांना चालणाऱ्या जाड प्लॅस्टिकची, साडेसहा गॅलनची, म्हणजे साधारण २५ लिटरची. तिच्यात मॉल्टचं उकळून गार केलेलं गोड पाणी (त्याला वर्ट म्हणतात) १९ लिटर भरायचं, यीस्ट घालायचं आणि वर झाकण दाबून बसवायचं. झाकणाच्या आतल्या खाचेत बहुधा एक रबरी रिंग असते. मधे एक भोक, भोकात रबराचं वायसर, आणि त्यात खोचलेला एअरलॉक: थोडं पाणी भरलेली पारदर्शक नळी. आतला वायू पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही.

वायू थोडाथोडका नसतो. यीस्ट साखर खातं आणि तिचं वजनी जवळपास अर्धं अल्कोहोल, अर्धा कार्बन डायऑक्साइड करतं. पाच टक्के अल्कोहोलच्या १९ लिटर बिअरमधून सुमारे ४०० लिटर वायू बाहेर पडतो, आणि त्यातला बराचसा पहिल्या तीन-चार दिवसांतच. तरीही एअरलॉक गप्प कसा? कारण नळीतलं दोन सेंटिमीटर पाणी ढकलायला दाब लागतो तो वातावरणाच्या दाबाच्या पाचशेव्या भागाएवढा. हा दाब इतका कमी आहे, की झाकणाची कड कुठेतरी केसभर उचललेली असली, तरी वायूला पाण्यातून जाण्यापेक्षा ती फट सोपी वाटते. कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही, वाफ कडेने जाते. आतला भात मात्र शिजत असतो. इथेही तेच.

म्हणून बिअर चालू आहे की नाही हे बुडबुड्यांना विचारू नये. ते हायड्रोमीटरला विचारावं. काचेची ही तरंगती कांडी द्रवाची घनता दाखवते: यीस्ट घालण्यापूर्वी समजा १.०५०, आणि काम संपल्यावर १.०१२ च्या आसपास. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले आकडे सारखेच आले तर आंबणं थांबलं. हायड्रोमीटर फार महाग नसतो, तरी लोक बादलीसमोर बसून सेकंदाला किती बुडबुडे हे मोजत राहतात. मला यातली गंमत कळते, उपयोग कळत नाही.

गळकं झाकण सुरुवातीला का चालतं? पहिल्या दिवसांत वायूचा ओघ आतून बाहेर असतो, त्यामुळे फटीतून आत यायला हवेला फारसा वावच नसतो. जंतूंचं म्हणाल तर ते धुळीवर बसून खाली पडतात. कडेच्या आडव्या फटीतून वळसा घेऊन वर चढत नाहीत. पाश्चरने हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीचे चंबू वापरून हेच दाखवलं होतं: नळी उघडी होती, हवा आत जात होती, तरी आतला रस्सा नासला नाही. इंग्लंडमध्ये टॅडकॅस्टरच्या सॅम्युएल स्मिथ कारखान्यात दगडी हौदांत बिअर आंबते. अनेक जुने कारखाने अजून उघड्या टाक्या वापरतात. ऑस्ट्रेलियाच्या कूपर्स कंपनीने तर घरगुती संचातल्या आपल्या नव्या भांड्याला एअरलॉकच ठेवला नाही. झाकण नुसतं टेकतं आणि वायू कडेने निघून जातो. तिकडचे जुने खेळाडू झाकण बाजूला ठेवून स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची पातळ फिल्म बादलीवर ताणतात आणि रबराच्या रिंगेने आवळतात.

खरी भीती पुढे असते. यीस्टचं काम संपलं की वायूचा ओघ थांबतो आणि ती फट दुतर्फा होते. ‘कार्बन डायऑक्साइड जड असतो, त्याची गोधडी बिअरवर पसरलेली राहते’ असं पुष्कळ जण सांगतात. वायू असे थर लावून बसत नाहीत, हळूहळू मिसळतातच. त्यात गाळ बसावा म्हणून बादली फ्रिजमध्ये ठेवली तर संकट दुप्पट. २० अंशांवरून २ अंशांवर आणताना बादलीतला मोकळा वायू सहा टक्क्यांनी आकसतो. सहा लिटर मोकळी जागा असेल तर साडेतीनशे मिलिलिटर बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि गार बिअर वायू जास्त विरघळवते म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्तच. त्या हवेतला सगळा ऑक्सिजन बिअरमध्ये उतरला तर लिटरमागे पाच मिलिग्रॅम होतो. मोठे कारखाने तो मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाच्याही खाली ठेवायला धडपडतात. परिणाम जिभेला कळतो: हॉप्सचा वास उडतो, रंग तपकिरी होतो, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंनाही ऑक्सिजनच हवा असतो. झाकण घट्ट असलं तर हवेऐवजी एअरलॉकमधलं पाणीच आत खेचलं जातं, म्हणून जाणते लोक त्यात साधं पाणी न घालता व्होडका किंवा जंतुनाशक द्रावण भरतात.

गळती शोधायची युक्ती सोपी आहे. झाकणाच्या मध्यावर तळहाताने हलकेच दाबा. एअरलॉकच्या एका बाजूचं पाणी चढेल. हात तसाच धरून ठेवा. पाणी चढलेलं राहिलं तर सगळं ठीक, हळूहळू उतरलं तर वायू कुठूनतरी निसटतोय. मग कडेवर आणि वायसरभोवती जंतुनाशकाचा फेस फवारा. जिथे फुगे फुगतील ती जागा. साबणाचं पाणीही चालतं, पण ते नंतर पुसून घ्या. साबण बिअरचा फेस मारतो.

इलाज बहुतेकदा साफसफाईचाच असतो. मागच्या खेपेचं वाळलेलं यीस्ट खाचेत चिकटून बसतं. रिंग काढून, खाच धुऊन, रिंग पीळ न पडता परत बसवायची. झाकण बसवताना समोरासमोरच्या कडा आळीपाळीने दाबत जायचं. नुसतं वरून एकदा थापटून भागत नाही. वायसर कडक झालं असेल तर गरम पाण्यात ठेवून पाहा, चिरलं असेल तर टाकून द्या. व्हॅसलिन लावायचा मोह आवरा. पेट्रोलियममुळे बरीच रबरं फुगून सैल होतात. खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉनचं वंगण मिळतं, त्याचं बोट पुरे.

आणि गळतीचा धसका घेऊन झाकण चिकटपट्ट्यांनी जखडू नका. जोरात आंबणाऱ्या बिअरचा फेस वर चढून एअरलॉक बुजवतो. तेव्हा गळक्या झाकणातून वायू सुटतो. जखडलेल्या झाकणाखाली तो साठतो, आणि मग झाकण छताला जातं, पाठोपाठ फेस आणि हॉप्सचा चोथा. भारी बिअर करताना एअरलॉक काढून जाड नळी लावावी आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बरणीत बुडवावं. बादली बंद फ्रीजरमध्ये ठेवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: दार उघडल्या-उघडल्या आत डोकं घालू नका, तिथे कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो.

माझं मत विचाराल तर पहिला आठवडा झाकणाकडे दुर्लक्ष करा. हायड्रोमीटर स्थिर झाला की मात्र गळक्या बादलीत बिअर एक दिवसही ठेवू नका. लगेच बाटल्यांत भरा. चांगल्या झाकणाच्या बादलीतही महिनोन् महिने नको, कारण प्लॅस्टिकमधूनच ऑक्सिजन झिरपतो.

हे वाचून पुण्या-नागपुरात कोणी बादली आणायला निघालं असेल, तर थांबा. १९४९च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर करणं गुन्हा आहे, घरच्यापुरती असली तरी. न्यू जर्सीतल्या भाच्याला मात्र हा लेख खुशाल पाठवा.