मुद्दल, व्याज आणि अटी
(लेखांक ६)

गेल्या लेखात आपण सरकारी शिष्यवृत्त्यांचा हिशेब पाहिला. सरकारी पैसा दरवर्षी नव्याने मंजूर व्हावा लागतो, म्हणून तो कधी उशिरा येतो, कधी अडकून पडतो. आजचा प्रकार वेगळा आहे. कुणीतरी एक रक्कम विद्यापीठाकडे किंवा विश्वस्तांकडे कायमची ठेवून देतो. मुद्दलाला हात लावायचा नाही, येणाऱ्या व्याजातून होतकरू विद्यार्थ्याला मदत करायची. देणारा जातो, त्याचे नाव आणि ठेव मागे राहते.

यात दोन ठिकाणी हमखास गडबड होते. पहिली चलनवाढीची. समजा, १९६० साली एका मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ कॉलेजकडे दोन हजार रुपये ठेवले. पाच टक्क्यांनी वर्षाला शंभर रुपये व्याज. तेव्हाच्या शंभर रुपयांनी बी.एस्सी.च्या मुलाचा भार चांगलाच हलका झाला असता. आज मुद्दल शाबूत आहे, व्याजही नेमाने जमा होते, पण ते घ्यायला कॉलेजात जायचे तर रिक्षालाच शंभराची नोट मोडावी लागते. सगळे व्याज दरवर्षी वाटून टाकले की ठेवीचे हेच होणार.

दुसरी गडबड अटींची. ती जास्त गंभीर, आणि देणगीदार तिचा विचार सगळ्यात कमी करतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पैसा कोणत्या अटीवर द्यावा, याचा धडा घ्यायचा तर लंडनच्या एका प्रदर्शनाच्या शिल्लक रकमेकडे वळायला हवे.

१८५१ साली हाइड पार्कमध्ये काचेच्या महालात जागतिक प्रदर्शन भरले. मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान साठ लाखांवर लोक येऊन गेले. आठवड्यातले काही दिवस तिकीट फक्त एक शिलिंग ठेवले होते, त्यामुळे कारखान्यातला कामगारही बायकापोरांसह आला. खर्च वजा जाता सुमारे १ लाख ८६ हजार पौंड उरले. प्रदर्शन भरवणाऱ्या आयोगाने ते वाटून टाकले नाहीत. सरकारची भर घेऊन साउथ केन्सिंग्टनमध्ये ८० एकरांहून जास्त जमीन घेतली. आज लंडनला जाणारा मराठी पर्यटक जिथे दिवसभर पाय दुखेपर्यंत संग्रहालये पाहतो, तीच ही जमीन. रोख पैसा चलनवाढीने झिजतो, शहरातली जमीन झिजत नाही. मधल्या काळात आयोग कर्जात बुडाला होता, पण लायन प्लेफेअर या रसायनशास्त्रज्ञाने कारभार रुळावर आणला आणि १८९१ साली विज्ञान संशोधनासाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. वर्षाला १५० पौंड, दोन वर्षांसाठी.

अटी पाहा. नाव विद्यापीठाने सुचवायचे. नुसते परीक्षेतले गुण चालणार नाहीत, उमेदवाराने स्वतःचे काहीतरी संशोधन करून दाखवलेले हवे. आणि शिष्यवृत्ती मिळाल्यावर आपली जुनी प्रयोगशाळा सोडून दुसरीकडे जायचे. वसाहतींमधल्या विद्यापीठांनाही ही दारे उघडी होती.

१८९४ साली न्यूझीलंडच्या वाट्याला एकच जागा होती. पहिली पसंती जेम्स मॅक्लॉरिन या रसायनशास्त्रज्ञाला मिळाली. सायनाइडने सोने काढण्याच्या प्रक्रियेवर त्याचे काम होते, म्हणजे उद्योगाला थेट उपयोगी. पण त्याने ती स्वीकारली नाही आणि जागा रिकामी झाली. ती गेली क्राइस्टचर्चच्या अर्नेस्ट रदरफर्डकडे. लोखंडाच्या चुंबकत्वावर त्याने कॉलेजातच काही प्रयोग केले होते. १८९५ साली तो केंब्रिजला पोहोचला, आणि नेमके त्याच वर्षी त्या विद्यापीठाने बाहेरच्या पदवीधरांना संशोधक म्हणून घ्यायला सुरुवात केली होती. अणूचे केंद्रक शोधणारा माणूस असा दुसऱ्या क्रमांकावरून आला. निवड समितीला त्यात दोष देण्यासारखे काही नाही. कागदावर मॅक्लॉरिनच सरस दिसत असावा. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की गुणपत्रिका बाजूला ठेवून केलेले काम पाहणारी अट नसती, तर रदरफर्ड रांगेत तरी उभा असता का?

जागा बदलण्याची अट मात्र एकाला चांगलीच महागात पडली. जेम्स चॅडविक मँचेस्टरला रदरफर्डच्याच हाताखाली शिकला. १९१३ साली त्याला हीच शिष्यवृत्ती मिळाली आणि अट पाळायची म्हणून तो बर्लिनला हान्स गायगरकडे गेला. तिथे बीटा किरणांची ऊर्जा सलग पसरलेली असते, हे त्याने दाखवले. हे कोडे पुढे न्यूट्रिनोच्या कल्पनेपर्यंत गेले. पण १९१४ साली महायुद्ध पेटले आणि शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्याला रूलेबेनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर डांबले. तबेल्यात राहायचे, थंडीत कुडकुडायचे, अर्धपोटी झोपायचे. तिथेही पठ्ठ्याने प्रयोगशाळा उभी केली. किरणोत्सारी पदार्थ कुठून आणणार? बर्लिनच्या बाजारात तेव्हा थोरियम घातलेली दंतपेस्ट विकली जात असे, तीच त्याने कामाला लावली. चार्ल्स एलिस हा लष्करात जायला निघालेला तरुण त्याच छावणीत होता. तो चॅडविकच्या नादाने भौतिकीकडे वळला. १९३२ साली चॅडविकने न्यूट्रॉन शोधला.

इतके सोसावे लागूनही ही अट मला योग्यच वाटते. एकाच गुरूच्या हाताखाली बी.एस्सी., एम.एस्सी., पीएच.डी. आणि मग तिथेच नोकरी, हा आपल्याकडचा राजमार्ग आहे. परगावी जायला भाग पाडणारी देणगी आपल्या विद्यापीठांत शोधावीच लागेल.

१९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रदर्शनाच्या याच निधीची वरिष्ठ शिष्यवृत्ती होमी भाभांना मिळाली आणि केंब्रिजमधले त्यांचे विश्वकिरणांवरचे काम चालू राहिले. १९३९ साली ते सुटीला भारतात आले असताना युद्ध सुरू झाले आणि ते इथेच राहिले. पुढची कथा आपल्या परिचयाची आहे. त्यांनी उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मुंबईतले पहिले बिऱ्हाड पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात होते. शिलिंगाच्या तिकिटांचा पैसा असा कुठल्या कुठे पोहोचला.

मुंबईत जमशेटजी टाटांनी १८९२ साली वेगळीच वाट काढली. परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी त्यांनी निधी उभारला, पण मदत कर्जरूपाने द्यायची ठरवली. शिकून कमवायला लागल्यावर पैसे परत करायचे, म्हणजे तेच पैसे पुढच्याला मिळतात. सुरुवातीच्या मानकऱ्यांत डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्रिया होत्या, हे त्या काळाकडे पाहता विशेषच. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेही या निधीच्या आधाराने.

कर्जाच्या या पद्धतीत निधी आटत नाही. डॉक्टर, इंजिनिअर यांना ती मानवते. पण शुद्ध गणित किंवा वनस्पतिशास्त्र घेणाऱ्या, घरची शेती कोरडवाहू असलेल्या मुलीला आधीच कर्जाचा धसका असतो, आणि पदवीनंतर मोठा पगार वाट पाहत उभा नसतो. तिला निखळ शिष्यवृत्तीच हवी.

म्हणून देणगीपत्र लिहायला बसलेल्यांना दोन कलमे सुचवतो. व्याजाचा चौथा हिस्सा दरवर्षी मुद्दलात मिळवावा. आणि 'अमुक पेपरात पहिला येणाऱ्यास' असे लिहू नये, कारण अभ्यासक्रम बदलला की तो पेपरच नाहीसा होतो आणि ठेव बँकेत पडून राहते. तसे झाल्यास विश्वस्तांना अट बदलण्याची मुभा असेल, हे वाक्य वकिलाकडून आधीच घालून घ्यावे. दात्याच्या पश्चात ते घालायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. त्या पायऱ्यांविषयी पुढच्या आठवड्यात.