मटण सुटले, ताटात आले काय?

आषाढी-कार्तिकीच्या वारीनंतर आमच्या तालुक्यात माळ घालणाऱ्यांची दरवर्षी थोडीफार भर पडते. तुळशीची माळ गळ्यात आली की मटण, मासळी, अंडी बंद. दारूही सुटते (तंबाखू मात्र पुष्कळांची तशीच राहते, पण तो विषय आज नको). डॉक्टर म्हणून मला या माळेबद्दल आदरच आहे. औषधाने आणि उपदेशाने जी दारू सुटत नाही ती माळेने सुटलेली मी पाहिली आहे. परंतु मटण सुटल्यावर ताटात त्याच्या जागी काय आले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. खरे सांगायचे तर मीही विचारत नव्हतो.

जवळच्या खेड्यातले एक शेतकरी, वय अठ्ठावन्न. गाव त्यांना आप्पा म्हणते, आपणही तेच म्हणू. आप्पांना आठ वर्षांपासून साखरेचा आजार, त्यासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू. सहा वर्षांपूर्वी पंढरपुराहून माळ घालून आले. गेल्या वर्षी तळपायाला मुंग्या येतात म्हणून दवाखान्यात आले. मी म्हणालो, "आप्पा, साखरेमुळे होतं असं," आणि गोळी लिहून दिली. चार महिन्यांनी पुन्हा आले. पायातली चप्पल कधी निसटते ते कळत नाही, रात्री पाणी द्यायला बांधावरून जाताना तोल जातो, जीभ लाल होऊन तिखट लागत नाही म्हणाले. तरीही मी साखरेच्याच मागे होतो. तिसऱ्या खेपेला त्यांना पाय जुळवून उभे केले आणि डोळे मिटायला सांगितले. ते असे डोलले की मीच धावून धरले. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन नऊ, तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या, आणि बी-१२ हे जीवनसत्त्व जवळजवळ तळाला गेलेले.

हे आधीच तपासायला हवे होते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या आतड्यात बी-१२ नीट शोषले जात नाही, हे मला ठाऊक होते. माणूस माळकरी आहे, हे तर त्यांच्या गळ्यातच दिसत होते.

बी-१२ची गंमत अशी की ते कुठल्याही झाडावर पिकत नाही. ना पालेभाजीत, ना कडधान्यात, ना फळात. ते तयार करतात सूक्ष्म जंतू. जनावरांच्या पोटातून ते मांसात आणि दुधात उतरते. अंड्यात असते, मासळीत असते, आणि सर्वांत जास्त असते कलेजीत. १९२६ साली अमेरिकेत मिनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी एका जातीच्या असाध्य पंडुरोगाचे रोगी रोज कलेजी खाऊ घालून वाचवले. त्या कामाला १९३४चे नोबेल पारितोषिक मिळाले. कलेजीतली ती गुणकारी वस्तू म्हणजेच बी-१२, हे १९४८मध्ये कळले.

आपल्या शरीरातही हा साठा यकृतातच असतो, आणि तो चांगला तीन ते पाच वर्षे पुरतो. फसगत होते ती इथेच. माळ घातल्यावर पहिली दोन-तीन वर्षे काहीच होत नाही. उलट अंग हलके वाटते, पोट साफ राहते. त्रास सुरू होतो तोवर माळ जुनी झालेली असते. त्यामुळे मुंग्यांचा आणि माळेचा संबंध कोणी जोडत नाही. वय झाले म्हणायचे, तेल चोळायचे, कोणाकडून तरी ताकदीची सलाईन लावून घ्यायची.

कोणी म्हणेल, खेड्यातला माणूस मटण खायचा तरी किती? खरे आहे. रविवारी पाव-अर्धा किलो, तेही सहा माणसांत. अधूनमधून अंडी, पावसाळ्यात सुकट-बोंबील. तेवढ्याने प्रथिनांची फार मोठी सोय होत नव्हती. पण बी-१२ रोजच्याला लागतेच मुळी दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-अडीच. तेवढ्याला त्या रविवारचा मोठा आधार होता.

आणि शाकाहारी म्हटले की दूध आलेच, असे आपण धरून चालतो. माझी आजी माळकरी होती. दारात गाय होती, भाकरीबरोबर वाटीभर दही आणि दुपारी ताकाचा तांब्या ठरलेला. आप्पांच्या दारात तर तीन म्हशी आहेत. मी त्यांच्या पत्नीला विचारले, "वहिनी, घरात दूध किती ठेवता?" म्हणाल्या, "च्यापुरतं. बाकी समदं डेअरीला जातं. खाद्याचा खर्च कुठनं निघायचा?" हिशेब त्यांचा चुकलेला नाही. फक्त त्यात आप्पांचे पाय धरलेले नव्हते.

यापेक्षा गंभीर गोष्ट पुढे निघाली. घरात आणखी कोणाला त्रास आहे का, असे विचारता वहिनी म्हणाल्या, "नातू लई गप असतो. नऊ महिन्याचा झाला, बसत न्हाई." दुसऱ्या दिवशी सूनबाई बाळाला घेऊन आल्या. बाळ दिसायला गुबगुबीत, पण रंग फिकट, केस विरळ, बोटांच्या सांध्यांवर काळसर झाक. आधी हसायचे, आवाजाकडे बघायचे, ते महिन्याभरात बंद झालेले. वरचे अन्न म्हणजे भाताची पेज. बाकी आईचे दूध. आणि आईच्याच अंगात बी-१२ नाही, तर दुधात कुठून येणार? माळ आप्पांनी घातली होती, पण त्या चुलीवर मटण-अंडी शिजणे बंद झाले ते सगळ्यांसाठी. सूनबाई चार वर्षांपूर्वी त्या घरात आल्या, त्यांना कोणी विचारले नव्हते. गरोदरपणातही त्यांच्या वाट्याला चहातलेच दूध होते.

बाळाला त्याच दिवशी जिल्ह्याच्या गावी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. तिथे मायलेकरांना बी-१२ची इंजेक्शने सुरू झाली. आठवड्याभरात बाळ माणसांकडे पाहून हसू लागले. आता आधार धरून उभे राहते, पण वयाच्या मानाने अजून थोडे मागे आहे. हा उशीर लांबला असता तर मेंदूचे नुकसान कायमचे राहिले असते.

असे एखादेच घर असते, असे समजू नका. पुण्यात के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्या, झोपडपट्टीतल्या आणि मध्यमवर्गातल्या मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत तिघांपैकी दोघांत बी-१२ कमी निघाले. शाकाहाऱ्यांत धोका चौपटीहून अधिक.

मग करायचे काय? माळ काढा असे मी कोणाला सांगितले नाही, सांगणारही नाही. दूध-दही माळेला चालते. मोठ्या माणसाने रोज दोन मोठे कप, म्हणजे चारशे मिलिलिटर दूध किंवा तितक्या दुधाचे दही घेतले तर दीड मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ मिळते. पाणीदार ताक त्यात मोजू नका. हे झाले निरोगी माणसाचे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, साठीपुढची माणसे, मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या कायम घेणारे, ज्यांना दूध पचत नाही ते, यांनी रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ची गोळीच घ्यावी. मोड आलेल्या मुगात, इडलीच्या आंबवलेल्या पिठात बी-१२ असते असे पुष्कळजण ठामपणे सांगतात. भरवसा ठेवावा इतके त्यात नसते. मोड आणल्याने इतर फायदे जरूर होतात.

प्रथिनांचा हिशेब सोपा आहे. वजनाच्या दर किलोला रोज एक ग्रॅम धरा. पंचावन्न किलोच्या माणसाला पंचावन्न ग्रॅम. ज्वारीच्या चार भाकऱ्यांचे पाव किलो पीठ, त्यातून पंचवीस मिळाले. आपली नेहमीची पातळ आमटी पाहिली तर माणशी डाळ पंधरा ग्रॅमसुद्धा नसते, त्यातून तीन-चार. इथे ताट रिकामे राहते. दोन वेळची मिळून साठ ग्रॅम डाळ किंवा मटकी, हुलगा, चवळी, हरभरा यांची उसळ घ्या, तेरा-चौदा मिळाले. मूठभर शेंगदाणे सहा, वर सांगितलेले दूध तेरा. झाला हिशेब पुरा. भाकरीत जे प्रथिन-घटक कमी ते डाळीत असतात आणि डाळीत जे कमी ते भाकरीत, म्हणून दोन्ही रोज खावीत. थालीपिठाची भाजणी कोणी पहिल्यांदा दळली ठाऊक नाही, पण बाई शहाणी होती.

लोहाचे मात्र जपायला हवे. मटणातले लोह अंगी चटकन लागते, भाजी-कडधान्यातले कमी लागते. त्यावर उपाय घरातच आहे. उसळीवर लिंबू पिळा, जेवणात पेरू-आवळा येऊ द्या, भाजी लोखंडी कढईत करा. बाजरी, शेवग्याचा पाला, राजगिरा, अळीव नेमाने वापरा. आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका. तो लोह शोषू देत नाही. तासभर तरी जाऊ द्या. गुळाने रक्त वाढते यावर फार विसंबू नका, साखरेच्या रोग्यांनी तर नाहीच. मासळी सोडलेल्यांनी जवसाची चटणी रोज चमचाभर खावी. आणि एकादशीचा साबुदाणा म्हणजे नुसता पिष्टमय पदार्थ. त्यात सत्त्व असेल ते शेंगदाण्याच्या कुटाचे. महिन्यातून दोनदा चालून जाईल, पण भगर आणि वाटीभर दही त्यापेक्षा बरे.

आप्पांना आधी दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला एक असे इंजेक्शन चालू आहे. जीभ पंधरा दिवसांत बरी झाली, हिमोग्लोबिन दोन महिन्यांत चढले. पायाच्या मुंग्या निम्म्यावर आल्या आहेत. सगळ्या जातील असे मी त्यांना सांगितलेले नाही, कारण नसा उशिरा भरतात आणि काही भरतही नाहीत. साखरेचाही त्यात काही वाटा असेलच. घरी आता दीड लिटर दूध डेअरीला कमी जाते.

इंजेक्शन घेण्यापूर्वी आप्पांनी एक प्रश्न विचारला होता, तो इतर माळकऱ्यांच्याही मनात असेल म्हणून सांगतो. "डॉक्टरसाहेब, ह्यात मटनाचं काय न्हाई ना?" नाही. हल्ली बी-१२ कारखान्यात जंतूंच्या साह्याने तयार करतात, कलेजीतून काढत नाहीत. मात्र गोळीऐवजी कॅप्सूल असेल तर तिचे वरचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. ज्यांना ते चालत नसेल त्यांनी औषधाच्या दुकानात तसे सांगून साधी गोळी मागून घ्यावी.