सांडपाण्याची साक्ष

अहेरीजवळून प्राणहिता नदी वाहते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून निघालेली ही नदी पुढे सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. आपल्या मोरीचे पाणी नालीत, नालीचे ओढ्यात आणि ओढ्याचे नदीत जाते. जे आपण टाकून देऊन विसरलो, तेच खालच्या गावाच्या घाटावर जाऊन पोहोचते. म्हणून सांडपाण्याचा विचार हा केवळ स्वच्छतेचा नव्हे, तर शेजारधर्माचाही आहे.

मुलांनो, सांडपाणी घाण असते हे खरे. परंतु ते साक्षही देते. पोलिओ या रोगाचेच उदाहरण घ्या. त्याचा विषाणू दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात जातो, आतड्यांत वाढतो आणि मलावाटे बाहेर पडतो. लागण झालेल्या सुमारे २०० जणांपैकी एखाद्यासच लुळेपणा येतो. बाकीची मुले हसतखेळत असतात. तरी त्यांच्या मलातून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. मग केवळ रुग्ण मोजून रोगाचा पत्ता कसा लागावा?

यावर शास्त्रज्ञांनी एक युक्ती योजिली. २००१ साली मुंबईत दाट वस्त्यांतील सांडपाणी नियमाने तपासण्यास प्रारंभ झाला. ठरलेल्या ठिकाणचे पाणी बाटलीत भरून, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेत. तेथे ते आटवून, त्यातील विषाणू जिवंत पेशींवर वाढवून ओळखीत. लुळा पडलेला एकही रुग्ण वस्तीत नसताना कधी कधी सांडपाण्यात विषाणू सापडे! मग आरोग्यसेवक घरोघर जाऊन बालकांना लस पाजीत. एका बाटलीतील पाणी हजारो लोकांच्या वतीने बोलते. मात्र कोण आजारी आहे, हे ते सांगत नाही. ते शोधण्यास माणसांनाच दारोदार फिरावे लागते.

भारतातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. पुढे करोनाच्या साथीतही अनेक शहरांत हीच रीत उपयोगी पडली.

साक्ष ऐकली, आता उपाय पाहू. शुद्धीकरण केंद्रात सांडपाण्यातील कचरा प्रथम जाळीने अडवितात. मग टाकीत गाळ खाली बसतो. पुढील टाकीत हवा सोडली म्हणजे सूक्ष्म जिवाणू वाढतात आणि पाण्यात विरघळलेली घाण खाऊन टाकतात. शेवटी उरलेले रोगजंतू औषधाने मारतात. आपल्या विदर्भातही या विषयाचे संशोधन चालते. नागपूरची ‘नीरी’ ही संस्था १९५८ साली स्थापन झाली. खडी भरलेल्या टाक्यांत पाणवनस्पती लावून त्यांच्या मुळांतून सांडपाणी गाळण्याची पद्धत तिने विकसित केली आहे. तीस वीज फारच थोडी लागते. म्हणून ती लहान गावांनाही परवडण्याजोगी आहे.

भुयारी गटारे नसलेल्या गावांत अशी तपासणी कठीण असते. तेथे प्रत्येक घरच जबाबदार ठरते. मोरीचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे, शौचालय वापरावे, जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत आणि पाणी उकळून प्यावे. आपल्या सांडपाण्याची साक्ष आपल्या बाजूने व्हावी, हे आपल्याच हाती आहे.