दूरदेशींच्या सहकाऱ्यांशीं आराखडा

एकाच यंत्राची रचना करणारे लोक निरनिराळ्या खंडांत राहत असतील, तर त्यांचें काम जुळावें कसें? पुण्यांतील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रापुढें हा प्रश्न २०१३ सालीं उभा राहिला. ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या रेडिओ दुर्बिणीच्या १९७ तबकड्या दक्षिण आफ्रिकेंत व १,३१,०७२ लहान अँटेना पश्चिम ऑस्ट्रेलियांत उभारावयाच्या. मुख्य कचेरी मात्र इंग्लंडांत. दुर्बिणीचीं अंगें वेगवेगळ्या राष्ट्रसंघांनीं वांटून घेतलीं. त्यांपैकीं सर्वांवर हुकमत चालविणाऱ्या नियंत्रणयंत्रणेच्या आराखड्याचें नेतृत्व पुण्याकडे आलें. खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या चालविण्याचा अनुभव या केंद्राच्या गांठीं होताच.

पहिली अडचण घड्याळाची. पुण्यांत दुपारचे अडीच वाजतात, तेव्हां पर्थला सायंकाळचे पांच, केपटाउनला सकाळचे अकरा, आणि हिवाळ्यांत लंडनला नऊ वाजलेले असतात. सर्वांना सोयीची वेळ अशी थोडीच उरते. म्हणून तोंडी बोलण्यापेक्षां लेखी नोंदीवरच अधिक भिस्त ठेवावी लागते.

दुसरी अडचण सांध्याची. प्रत्येकाचा भाग निर्दोष असूनहि दोन भाग जेथें मिळतात तेथें घात होतो. १९९९ सालीं मंगळाकडे गेलेलें अमेरिकेचें एक यान याच कारणानें नष्ट झालें. कोलोरॅडोमधील मंडळींनीं जोराचे आंकडे पौंडांत दिले, आणि कॅलिफोर्नियांतील मंडळींनीं ते न्यूटनांत आहेत असें गृहीत धरलें.

यावर उपाय एवढाच, कीं प्रत्येक सांध्याचा स्वतंत्र करारनामा करावयाचा. कोणता संदेश जाईल, कोणत्या मापांत, किती वेळांत, आणि उत्तर न आल्यास काय करावयाचें, हें त्यांत लिहून दोन्ही पक्षांनीं मान्य करावयाचें. पुढें तो एकट्यानें बदलावयाचा नाहीं. शिवाय, नियंत्रणासाठीं ‘टँगो’ ही युरोपांत घडलेली एकच सामायिक प्रणाली सर्वांनीं २०१५ सालीं पत्करली. पुण्याच्या संघाचें आराखड्याचें काम २०१८ सालीं पुरें झालें, व डिसेंबर २०२२ मध्यें दोन्ही खंडांत बांधकामास आरंभ झाला.

परदेशीं असलेल्या मुलाशीं विचारविनिमय करून पुण्यांतील घराची दुरुस्ती काढणाऱ्यांनाहि हाच नियम लागू पडतो. माप फुटांत कीं मीटरांत, हें पहिल्याच पत्रांत लिहावें, आणि ठरलेलें बदलावयाचें झाल्यास दोघांची संमति घ्यावी.