बहात्तरच्या पिढीचं देणं

ज्येष्ठांचा सन्मान म्हटलं की शाल, श्रीफळ आणि दोन शब्द, एवढंच आपल्यापुढे येतं. त्यात गैर काही नाही. पण एखाद्या पिढीमुळे समाजात काय बदललं, हे सांगता आलं नाही तर तो सन्मान अपुरा राहतो. म्हणून आज आपण १९७२चा दुष्काळ सोसलेल्या महाराष्ट्रातल्या पिढीकडे पाहू.

त्या वर्षी लाखो माणसं दुष्काळी कामांवर गेली. त्यात बायकाही फार मोठ्या संख्येनं होत्या. त्यांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, रस्ते केले. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. हालांची ही कहाणी घराघरांत सांगितली जाते. त्यातून जे उभं राहिलं, ते मात्र क्वचितच कोणी सांगतं.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५मध्येच सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला होता. दुष्काळानं त्याची गरज साऱ्या राज्याला पटवली. १९७७मध्ये कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. काम मागितलं की १५ दिवसांत काम, नाहीतर बेकार भत्ता. म्हणजे काम मिळणं ही साहेबाची मेहेरबानी राहिली नाही, तो मजुराचा हक्क झाला. पुढे २००५मध्ये देशानं असा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव समोर होता.

याला पैसा कुठून आला? १९७५मध्ये व्यवसाय कर बसवला गेला, तो यासाठीच. आपल्या पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ना, त्याचं मूळ इथे आहे. शहरातल्या पगारदारानं गावातल्या मजुराचा भार थोडा उचलायचा, असा तो हिशेब होता.

हक्क कसा मिळाला हे विसरलं, की तो पुन्हा मेहेरबानी वाटू लागतो. तेव्हा विशीत असलेली माणसं आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. आपल्या घरातल्या, गावातल्या अशा आजी-आजोबांना विचारू या: कोणत्या कामावर होता? मजुरी किती मिळायची? तान्हं पोर कुठे ठेवायचात? त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवू. शाल नंतरही देता येईल.